‘स्वान लेक’ची ध्वनिमुद्रणे पारखावीत कशी?

प्योतर इल्यिच चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’ या बॅलेचे संगीत घरी बसून ऐकावे असे ज्याच्या मनात येते, त्याच्यापुढे पहिलीच अडचण निवडीची असते. एकाच नावाखाली डझनावारी ध्वनिमुद्रणे समोर येतात. त्यांतली काही जेमतेम पंचवीस मिनिटांची असतात, काही तास-सव्वातासाची, तर काही अडीच तास चालतात. मुंबईत २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद असला, तरी संपूर्ण बॅले वाद्यवृंदासह प्रत्यक्ष ऐकण्याचा योग आपल्याकडे विरळाच येतो, आणि त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांची या संगीताशी ओळख होते ती ध्वनिमुद्रणातूनच. म्हणून कोणते ध्वनिमुद्रण चांगले आणि का, हे स्वतःच्या कानांनी ठरवता येणे महत्त्वाचे आहे.

दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला ओबो या फुंकवाद्यावर वाजणारी ती प्रसिद्ध सुरावट ऐकायची आणि तेवढ्यावरून निवाडा करायचा, अशी बहुतेकांची सवय असते. माझ्या मते ही कसोटी फारशी उपयोगाची नाही. हार्पच्या झंकारांवर आणि तंतुवाद्यांच्या थरथरत्या सुरांवर तरंगणारी, बी मायनर या करुण छटेच्या स्वरपट्टीतली ती सुरावट इतकी नेमकी लिहिलेली आहे, की कोणत्याही नावाजलेल्या वाद्यवृंदाचा ओबोवादक ती सुंदरच वाजवतो आणि दोन ध्वनिमुद्रणांतला फरक तिथे फारसा उघड होत नाही. तो उघड होतो वॉल्ट्झ या गिरक्यांच्या नृत्यप्रकारामध्ये, दीड-दोन मिनिटांच्या छोट्या नृत्यांमध्ये, आणि गतीने चालणारे संगीत जिथे क्षणभर थांबून पुन्हा चालू लागते अशा सांध्यांमध्ये. हे संगीत नाचण्यासाठी लिहिलेले आहे. वाजवणाऱ्यांना त्याची जाणीव आहे की नाही, हा पारख करतानाचा मुख्य प्रश्न आहे.

मात्र वादनाकडे वळण्याआधी आपल्या हातात नेमकी कोणती संहिता आहे, हे पाहावे लागते, कारण ‘स्वान लेक’ नावाच्या दोन बऱ्याच वेगळ्या संगीतरचना बाजारात शेजारी शेजारी नांदत आहेत. चायकोव्हस्कीने हे संगीत १८७५ आणि १८७६ या दोन वर्षांत लिहिले. मॉस्कोच्या शाही नाट्यगृहांनी त्यासाठी त्याला ८०० रूबल देऊ केले होते. बोल्शोई नाट्यगृहात ४ मार्च १८७७ रोजी पहिला प्रयोग झाला. नृत्यरचना युलियस रायसिंगर याची होती आणि तिने फारशी छाप पाडली नाही. १८९३ मध्ये चायकोव्हस्कीचे निधन झाले. त्यानंतर जानेवारी १८९५ मध्ये पीटर्सबर्गच्या मारीन्स्की नाट्यगृहात मारियस पेतिपा आणि लेव्ह इवानोव्ह यांनी हा बॅले नव्याने उभा केला. आज जगभर रंगमंचावर दिसणारे ‘स्वान लेक’ मुख्यतः या १८९५ च्या प्रयोगावरूनच आलेले आहे.

त्या प्रयोगासाठी संगीतकाराचा भाऊ मोदेस्त याने कथानक बदलले आणि मारीन्स्कीचा वाद्यवृंद-संचालक रिकार्दो द्रिगो याने संगीतात बरीच कापाकापी आणि जोडाजोडी केली. चार अंकांचे तीन झाले. काही नृत्ये गळली, काहींचा क्रम बदलला. इतकेच नव्हे, तर चायकोव्हस्कीने १८९३ मध्ये पियानोसाठी लिहिलेल्या ७२ व्या ओपसमधले, म्हणजे त्या क्रमांकाच्या रचनासंग्रहातले, तीन तुकडे द्रिगोने वाद्यवृंदासाठी बांधून त्यात घातले. तुकडे चायकोव्हस्कीचेच असले, तरी मूळ संगीतानंतर सतरा-अठरा वर्षांनी लिहिलेले आहेत आणि त्यांवरचा वाद्यांचा साज दुसऱ्याच माणसाचा आहे. लक्ष देऊन ऐकले, तर या तुकड्यांचा पोत आजूबाजूच्या संगीतापेक्षा पातळ असल्याचे जाणवते.

कोणती आवृत्ती हाती आली आहे, हे ओळखण्याच्या दोन सोप्या खुणा आहेत. पहिली म्हणजे आज ‘ब्लॅक स्वान’ या नावाने ओळखले जाणारे युगुलनृत्य कुठे येते ते पाहावे. मूळ संहितेत हे संगीत पहिल्या अंकात, राजपुत्राच्या वाढदिवसाच्या सोहळ्यात, पाचव्या क्रमांकावर आहे, आणि तिथे त्याचा हंसिणी झालेल्या नायिकेचे, ओदेतचे, रूप घेऊन राजपुत्राला फसवणाऱ्या कपटी ओदिलशी काहीही संबंध नाही. १८९५ मध्ये ते उचलून राजवाड्यातल्या नृत्यसभेत ओदिलसाठी नेण्यात आले, आणि त्याच्या शेवटच्या भागावर पिएरिना लेन्यानी हिने घेतलेल्या बत्तीस गिरक्या पुढे अजरामर झाल्या. दुसरी खूण म्हणजे दुसऱ्या अंकातले ओदेत आणि राजपुत्राचे संथ युगुलनृत्य. ते हळुवार सुरात विरत जाऊन संपले, तर तो द्रिगोने केलेला शेवट समजावा. त्याच्या शेपटाला अचानक एक छोटा, चपळ, काहीसा खेळकर भाग लागलेला असेल, तर ती चायकोव्हस्कीची मूळ संहिता आहे. नाट्यगृहात ज्यांनी हा बॅले पाहिला आहे, त्यांना तो चपळ शेवट पहिल्यांदा ऐकताना खटकतो. मला स्वतःला द्रिगोचा शेवट अधिक सुंदर वाटतो, पण म्हणून मूळ शेवट वगळणारे ध्वनिमुद्रण स्वतःला ‘संपूर्ण’ म्हणवून घेत असेल, तर ते मान्य करता येत नाही.

यांखेरीज जी वीस-पंचवीस मिनिटांची ध्वनिमुद्रणे मिळतात, ती ‘सूट’ची, म्हणजे बॅलेतून निवडलेल्या सहा तुकड्यांच्या मालिकेची असतात. अशी मालिका करण्याचा विचार चायकोव्हस्कीने १८८२ मध्ये आपल्या प्रकाशकाला कळवला होता, परंतु ती प्रत्यक्ष छापली गेली १९०० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. ओळख करून घ्यायला ती ठीक आहे. मात्र सहा तुकड्यांवरून चार अंकांच्या रचनेचा अंदाज येत नाही, आणि सूट चांगली वाजवणारा संचालक अडीच तासांचा पल्ला पेलेलच असेही नाही.

मूळ संगीताला लागूनच आणखी एक तुकडा आहे आणि त्याची हकिगत या विषयाच्या मुळाशी नेणारी आहे. १८७७ च्या प्रयोगांत पुढे ओदेतची भूमिका करणाऱ्या आन्ना सोबेश्चान्स्काया हिला तिसऱ्या अंकातले आपले काम अपुरे वाटले. ती थेट पीटर्सबर्गला गेली आणि पेतिपाकडून एक नवे युगुलनृत्य बसवून आली, तेही लुडविग मिंकुस या दुसऱ्या संगीतकाराच्या संगीतावर. आपल्या बॅलेत परके संगीत येणे चायकोव्हस्कीला मानवणारे नव्हते. पण बसवलेली पावले बदलायला सोबेश्चान्स्कायाही तयार नव्हती. तेव्हा चायकोव्हस्कीने मिंकुसच्या संगीताच्या मापाबरहुकूम, पावलांना कुठेही धक्का न लावता, स्वतःचे नवे संगीत लिहून दिले. हे संगीत पुढे विस्मरणात गेले, १९५३ मध्ये बोल्शोईच्या संग्रहात पुन्हा सापडले, आणि आता अनेक संपूर्ण ध्वनिमुद्रणांत ते पुरवणी म्हणून किंवा तिसऱ्या अंकात ऐकायला मिळते. सिम्फनी लिहिणारा हा थोर संगीतकार नर्तकीच्या पावलांचे माप घेऊन संगीत बेतायला कमीपणा मानत नव्हता, ही गोष्ट ध्वनिमुद्रण ऐकताना सतत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

नाट्यगृहात संगीताची लय नर्तकांच्या सोयीने ठरते. उंच उडी घेणाऱ्या नर्तकाला हवेत राहायला वेळ लागतो, म्हणून तिथे लय किंचित सैल सोडावी लागते. एका पायाच्या बोटांवर तोल सावरणाऱ्या नर्तकीसाठी सूर क्षणभर लांबवावा लागतो. लावणीचा ढोलकीवाला जसा नाचणारीच्या पावलांवर नजर ठेवून वाजवतो, तसाच बॅलेचा संचालक खालच्या खड्ड्यात उभा राहून मान वर करून रंगमंचाकडे पाहत असतो. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत मात्र समोर कोणीच नाचत नसते. तिथे संचालक मोकळा असतो, आणि या मोकळिकीचे तो काय करतो, यावर सगळे ठरते. काही जण ती वापरून संगीत इतके वेगात हाकतात की त्यावर कोणालाही नाचता येणार नाही. काही जण प्रत्येक संथ सुरावट ताणून ताणून तिची करुण सिम्फनी करतात. मोजके संचालक असे आहेत, की समोर नर्तक नसतानाही त्यांच्या वादनात पाऊल उचलण्याची आणि टेकण्याची जाणीव टिकून राहते.

या मोजक्यांत बॅलेच्या नाट्यगृहात उमेदवारी केलेले संचालक जास्त आहेत, हा योगायोग नव्हे. एर्नेस्त आन्सेर्मे हा १९१५ पासून द्यागिलेव्हच्या ‘बॅले रूस’ या नृत्यकंपनीचा संचालक होता. अंताल दोराती याने १९३० च्या दशकात माँटे कार्लोच्या बॅले कंपनीबरोबर काम केले. गेन्नादी रोझ्देस्त्वेन्स्की तरुण वयापासून बोल्शोईत बॅलेचे संचालन करत होता आणि १९६४ ते १९७० या काळात तिथला मुख्य संचालक होता. जॉन लँचबेरीने तर आयुष्याचा मोठा भाग लंडनच्या रॉयल बॅलेत काढला. याउलट आंद्रे प्रेव्हिन, सेइजी ओझावा, शार्ल द्यूत्वा ही मंडळी मुख्यतः मैफलीच्या वाद्यवृंदांची. त्यांची ध्वनिमुद्रणे वाईट आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. उलट प्रेव्हिनचे ध्वनिमुद्रण मी पुढे आवर्जून सुचवणार आहे. परंतु या दोन परंपरांतला फरक कानाला कळतो, आणि तो कुठे कळतो हे आता पाहू.

सर्वांत आधी दुसऱ्या अंकातले चार छोट्या हंसिणींचे नृत्य ऐकावे. रंगमंचावर चार नर्तकी एकमेकींचे हात गुंफून, माना एकदम वळवत, एका ओळीत नाचतात. वाद्यवृंदात दोन बासून, म्हणजे खर्जातली फुंकवाद्ये, अगदी सुटे सुटे, तुटक सूर टिपतात आणि त्यांच्यावर ओबोंची जोडी सुरावट गाते. इथे कान ओबोंवरून काढून बासूनकडे न्यावा. त्यांचा प्रत्येक सूर वेगळा, कोरडा आणि सारख्या वजनाचा ऐकू येतो का? सुमार ध्वनिमुद्रणात हे सूर एकमेकांत मिसळून खाली नुसती घरघर उरते. वेग जास्त असेल तर ओबोंची सुरावट घाईची आणि केविलवाणी वाटते, आणि वेग कमी पडला तर तुटक सुरांमधल्या मोकळ्या जागा पोकळ वाटू लागतात. जेमतेम दीड मिनिटाचा हा तुकडा संचालकाचे लयीचे भान इतक्या स्पष्टपणे दाखवतो, की मी कोणत्याही नव्या ध्वनिमुद्रणाची सुरुवात इथूनच करतो.

त्यानंतर पहिल्या अंकातला ए मेजरमधला मोठा वॉल्ट्झ ऐकावा. वॉल्ट्झ तीन मात्रांचा, पण त्या तिन्ही सारख्या वाजल्या तर तो कवायतीसारखा होतो. पहिल्या मात्रेवर वजन येऊन उरलेल्या दोन मात्रांनी पाऊल पुढच्या पहिल्या मात्रेकडे ढकलले गेले पाहिजे. चायकोव्हस्कीने या वॉल्ट्झमध्ये एकामागून एक नव्या सुरावटी आणल्या आहेत, आणि प्रत्येक नवी सुरावट येण्याआधी छोटासा सांधा आहे. चांगला संचालक या सांध्यावर श्वास घेतो, पण थांबत नाही. सामान्य संचालक तिथे एकतर गाडी थांबवतो, किंवा सांधा आहे हेच विसरून पुढे निघून जातो. आन्सेर्मेचे १९५० च्या दशकाच्या अखेरचे जिनिव्हातले ध्वनिमुद्रण या एका बाबतीत आजही मागे पडलेले नाही. त्याचा वाद्यवृंद काही पहिल्या दर्जाचा नव्हता, फुंकवाद्ये मधूनच बेसूर होतात, आणि बॅलेला कात्री लागलेली आहे ती वेगळीच. तरीही ते वॉल्ट्झ ऐकताना पाय ठेका धरल्यावाचून राहत नाहीत.

तिसरी जागा म्हणजे दुसऱ्या अंकातले ते संथ युगुलनृत्य. १८६९ मध्ये लिहिलेला ‘उंदिना’ हा ऑपेरा शाही नाट्यगृहांनी नाकारल्यावर चायकोव्हस्कीने तो नष्ट केला, पण त्यातले एक प्रेमाचे युगुलगीत त्याने इथे वापरले. एका आवाजाची जागा व्हायोलिनने घेतली आणि दुसऱ्याची चेलोने. आधी हार्पचा एकट्याचा लांब, लहरत उतरणारा आलाप येतो, मग तिच्याच साथीने व्हायोलिन गाऊ लागते. इथे व्हायोलिनवादकाने आपले कसब मिरवण्याची गरज नाही. त्याने ओळ गायली पाहिजे, आणि मधल्या थोड्या जलद भागात नर्तकीच्या पायाच्या बारीक थरथरीसारखे छोटे सूर हलके ठेवले पाहिजेत. खरी परीक्षा त्यानंतरची आहे. मूळ सुरावट परतते तेव्हा ती चेलोकडे असते आणि व्हायोलिन तिच्याभोवती गुंफण घालत जाते. बऱ्याच ध्वनिमुद्रणांत व्हायोलिन पुढे आणि चेलो मागे राहतो, त्यामुळे दोघांचा संवाद असायचा तिथे एकट्याचे भाषण ऐकू येते. प्रेव्हिनच्या १९७६ च्या लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबरच्या ध्वनिमुद्रणात व्हायोलिनवर इडा हेंडेल आहे. एवढी मोठी स्वतंत्र वादक असूनही ती या जागी दुसऱ्याचे ऐकत वाजवते. ओळ न तोडता, सूर न चिघळवता वाजवलेले ते युगुल मला या बॅलेच्या ध्वनिमुद्रणांतल्या सर्वांत सुंदर जागांपैकी एक वाटते. नेमे यार्वीच्या बर्गन फिलहार्मोनिकबरोबरच्या ध्वनिमुद्रणात जेम्स एनेस याचे वादनही अतिशय शुद्ध आहे, पण थोडे थंड.

तिसऱ्या अंकातल्या देशोदेशींच्या नृत्यांवर फार वेळ घालवायची गरज नाही. नेपल्सच्या नृत्यातले एकल वादन मात्र ऐकून ठेवावे. चायकोव्हस्कीने आपल्या वाद्यवृंदात ट्रम्पेटच्या जोडीबरोबर कॉर्नेटची वेगळी जोडी मागितली आहे, आणि हे एकल वादन कॉर्नेटसाठी आहे. कॉर्नेटचा आवाज ट्रम्पेटपेक्षा गोल, कमी टोचणारा आणि चपळ असतो. कित्येक वाद्यवृंद सोयीसाठी तिथेही ट्रम्पेटच वापरतात, आणि मग रस्त्यावरच्या एका हसऱ्या गाण्याला लष्करी तोऱ्याची छटा येते.

शेवटच्या अंकाची अखेर ही चौथी जागा. आतापर्यंत संथ ऐकलेली ओबोवरची ती हंसिणीची सुरावट इथे वादळात सापडल्यासारखी धावत येते, खालची साथ तिच्या मात्रांना अडखळवत राहते, आणि मग सगळे काही बी मायनरमधून बी मेजर या उजळ स्वरपट्टीमध्ये उघडते. इथे रोझ्देस्त्वेन्स्कीच्या १९६९ च्या मॉस्को रेडिओ सिम्फनीबरोबरच्या ध्वनिमुद्रणाला तोड नाही. सोव्हिएत काळातल्या रशियन हॉर्नवादकांचा सूर कंपित असे, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन उघड्या, धारदार आवाजात वाजत. पाश्चात्त्य वाद्यवृंदांच्या मऊ, एकसंध पितळी आवाजाची सवय असलेल्या कानाला हे आधी कर्कश वाटते. पण त्या धारेमुळे ओदेत आणि राजपुत्राला गिळणारा सरोवराचा पूर खरोखर अंगावर येतो. द्यूत्वाच्या मॉन्ट्रियलमधल्या ध्वनिमुद्रणात हीच अखेर अतिशय देखणी वाजते, एकही सूर कमी-जास्त होत नाही, आणि म्हणूनच कोणी बुडते आहे असे वाटत नाही. काही संचालक मेजरमध्ये शिरताच लय इतकी रुंद करतात की शोकांतिकेचा विजयसोहळा होतो. चायकोव्हस्कीने तिथे भारदस्त पण मध्यम लय लिहिली आहे, आणि ती पाळली तर दुःख आणि मुक्ती या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ऐकू येतात.

ध्वनीच्या दर्जाविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्यात फसगत सहज होते. दोरातीचे १९५४ चे मिनियापोलिसचे ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूचा वेगळा आवाज नसलेले आहे, तरी त्यातली वाद्ये स्पष्ट ऐकू येतात. रोझ्देस्त्वेन्स्कीच्या मेलोदिया कंपनीच्या ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन वाद्यांच्या फार जवळ असल्यासारखे वाटतात आणि मोठ्या आवाजात काहीसा खरखरीतपणा येतो. द्यूत्वाचे ध्वनिमुद्रण मॉन्ट्रियलजवळच्या सेंत-युस्ताश येथील चर्चमध्ये झाले आहे आणि त्यातली घुमटाची ऊब फार आल्हाददायक आहे, पण तुटक सूर तिथे थोडे लांबतात. दोन ध्वनिमुद्रणांची तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल असा जुळवून घ्यावा. जे किंचित मोठे वाजते ते कानाला अधिक जिवंत भासते, आणि ते श्रेय वादनाचे नसते. शिवाय या संगीतातले अनेक क्रमांक न थांबता एकमेकांत मिसळतात. मोबाईलवरच्या काही ॲपमध्ये दोन तुकड्यांमध्ये बारीकशी शांतता घुसते आणि नेमके सांधेच तुटतात. ती शांतता येणार नाही अशी सोय आधी करून मगच संचालकाला बोल लावावा.

संपूर्ण मूळ संहितेचे एकच ध्वनिमुद्रण घ्यायचे असेल, तर मी प्रेव्हिनचे सुचवेन. त्याचे काही वॉल्ट्झ जरा वजनदार आहेत, पण अडीच तासांत लक्ष कुठेही ढळत नाही आणि वाद्यवृंद मन लावून वाजवतो. नाट्य हवे असेल आणि कर्कश पितळेची धास्ती नसेल, तर रोझ्देस्त्वेन्स्की घ्यावा. माझ्या संग्रहातून एक सोडून सगळी काढून टाकायची वेळ आली, तर मी तोच ठेवीन. १८७७ ची संहिता आजच्या स्वच्छ आवाजात आणि रशियन वाद्यवृंदाकडून ऐकायची असेल, तर व्लादिमीर युरोव्स्कीचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले ध्वनिमुद्रण आहे. त्याची लय चपळ आहे आणि छोटी नृत्ये त्याने विशेष जपून वाजवून घेतली आहेत. ज्यांनी बॅले रंगमंचावर पाहिला आहे आणि तोच क्रम, तीच ओदिल कानांनी पुन्हा अनुभवायची आहे, त्यांना मूळ संहितेचे ध्वनिमुद्रण गोंधळात टाकेल. त्यांच्यासाठी व्हालेरी गेर्गियेव्हचे २००६ चे मारीन्स्कीच्या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण योग्य ठरते. ज्या नाट्यगृहासाठी द्रिगोने ही संहिता बेतली, त्याच नाट्यगृहाचे वादक ती वाजवत आहेत, आणि कोणत्या मात्रेवर नर्तकीचे पाऊल टेकणार, हे त्यांना रोजच्या सरावाने ठाऊक आहे.